जेटच्या चाकापुढचं लाकूड

मी ठोकळा बोलतोय. चाकापुढे लावतात तो, लाकडाचा. तुम्ही माणसं एकमेकांना ठोकळा म्हणता ते बिनडोक या अर्थाने, मला माहीत आहे. म्हणा. पण उतारावर तुमच्या गाड्या उभ्या राहतात त्या तुमच्या डोक्यामुळे नाही, आमच्या बुडामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून भांडण नको.

मी बांधावरच्या झाडाचा. झाड वाऱ्याने आडवं झालं तसे लोक धावले आणि सरळ सरळ फांद्या जळणाला घेऊन गेले. मागून एक ट्रकड्रायव्हर कुऱ्हाड घेऊन आला. त्याने बुंध्याजवळची गाठ निवडली. "गाठीचं लाकूड फुटत नाही," म्हणाला आणि मला तासायला बसला. एक बाजू उतरती, एक बाजू उभी, वर भोक पाडून त्यात दोरी. गाठ काही सुखासुखी तासली जात नाही. त्याने मला पोटभर शिव्या दिल्या. जन्मल्यावर माझ्या कानावर पडलं ते एवढंच, म्हणून माझी जीभ अशी आहे. गोड बोलणारा ठोकळा पाहिजे असेल तर दुसरीकडे बघा.

ट्रकमध्ये मी सीटखाली असायचो. ड्रायव्हरची बायको लवकर गेली होती, म्हणून शाळेला सुट्टी पडली की पोरगीपण केबिनमध्ये. गाडी थांबली की तिने उडी मारून मला मागच्या चाकाला लावायचं, हे तिचं काम. लावायला ती लगेच शिकली. काढायला शिकताना मार खाता खाता राहिली. एकदा घाटात बापाने "चल गं" म्हटलं आणि हिने न बघता मला ओढलं. मी अर्धा निघालो तोच गाडी हातभर मागे सरकली. माझ्या पाठीवर चाकाचा वळ उठला, तो अजून आहे. बाप खाली उतरला, तोंड लालबुंद.

"कोणी सांगितलं काढायला?"

"तुम्हीच म्हणालात ना, चल म्हणून."

"मी काय देव आहे का? मी म्हणालो तरी काढायचं नाही. आधी पुढे बघ, मागे बघ, वर बघ. आधी डोळे, मग हात. ध्यानात ठेव!"

पुढच्या गावापर्यंत ती फुगून खिडकीला नाक लावून बसली. पण पोरीने ते ध्यानात ठेवलं.

ही पोरगी पुढे विमान चालवायला शिकली. कसं जमवलं ते मला विचारू नका. एवढंच कळलं की ट्रक गेला. म्हातारा बाप ट्रकची किल्ली द्यायला गेला तेव्हा त्याच्या काखेत मी होतो. घेणारा म्हणाला, "ठोकळा राहिला की." म्हातारा म्हणाला, "ट्रक विकलाय, घरची माणसं नाही विकली."

हे ऐकून मला बरं वाटलं. पण पुढे माझं काय झालं ऐका. पोरीला पंख्याच्या विमानांच्या एका कंपनीत नोकरी लागली. विमानतळापासून जवळ तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं भाड्याने, बाप-लेक तिथे आले, आणि मला लावलं दाराला. गॅलरीतून वारा आला की दार धाडकन आपटायचं, म्हणून. घाटात भरलेला ट्रक धरणारा मी, आणि धरतोय काय, तर प्लायवुडचं दार! माझ्यावर चपला ठेवायचे, दुधाच्या पिशव्या ठेवायचे. फरशी पुसायचं पाणी माझ्या अंगाखाली शिरायचं. पोरीच्या कामावर न्यायची सोय नव्हती. तिथे विमान थांबलं की खालची माणसं येऊन ठोकळे लावतात, पायलट खाली वाकतसुद्धा नाही.

नोकरी अशी होती. सत्तर माणसांचं विमान, दिवसात चारदा उडायचं, चारदा उतरायचं. लहान गावं, छोट्या धावपट्ट्या. डाव्या खुर्चीत कॅप्टन, उजवीत ही. डावी खुर्ची नंबराने मिळते. कंपनी नवीन विमानं घेईना, त्यामुळे रांग जागच्या जागी. आणि नोकरी सोडून परत यायचं झालं तर रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. घरी मात्र बहुतेक दिवस संध्याकाळी यायची. बूट काढायची, माझ्या बाजूला भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "बाबा, आज एकही ओळखीचं तोंड बघितलं नाही. दार बंद करायचं, उडायचं, उतरायचं. मागे कोण बसलंय, पत्ता नाही."

"मग बरंच आहे की," म्हातारा म्हणायचा. "माझ्यामागे कांदे असायचे, ते तरी कुठे बोलायचे?"

अशात एक दिवस पोरीच्या ओळखीचा एक टकलू कॅप्टन घरी आला. हा सिमेंट कारखान्याच्या मालकाचं जेट चालवायचा. आठ माणसांचं, पांढरं, टोकदार. त्याचा उजव्या खुर्चीतला जोडीदार नोकरी सोडून चालला होता. टकलू म्हणाला, पगार दुप्पट, वर्षा-दोन वर्षांत डावी खुर्ची, मालकाने तसा शब्द दिलाय. महिन्याच्या अखेरीपर्यंत हो किंवा नाही कळव.

म्हातारा खुर्चीतून उठलाच. "याच्यात विचारायचं काय? हो म्हण!"

"फोन कधीही येतो बरं का," टकलू प्रामाणिक होता. "मालक म्हणतील तेव्हा निघायचं. सामान आपण चढवायचं, चहाची सोय आपण बघायची, सीट आपण पुसायची. ठोकळेसुद्धा आपणच लावायचे. आमचा एक तर मागच्या गावाला विसरलाय."

ठोकळे स्वतः लावायचे! माझे कान उभे राहिले. मी मनात ओरडलो, अगं बये, हो म्हण, मला या दारातून सोडव.

ती म्हणाली, "सर, आधी एक फेरी बघायला येऊ का? सुट्टी काढते." टकलूने मालकाला विचारलं, मालक म्हणाले, येऊ दे. फेरीच्या दिवशी टकलू न्यायला आला तेव्हा पोरीने वाकून मला उचललं. "तुमचा ठोकळा सापडेपर्यंत हा घ्या."

त्या दिवसासारखा दिवस मी आयुष्यात बघितला नाही. जेटच्या पुढच्या चाकाला मागून एक पिवळा रबरी ठोकळा आणि पुढून मी. रबरी म्हणाला, "गावठी दिसतोस." मी म्हणालो, "तू काय, टायरचा चुलता!" मग आमचं जमलं.

आम्ही डोंगरातल्या एका लहान धावपट्टीवर उतरलो. दिवे नाहीत, एक पत्र्याची शेड आणि एक रखवालदार. मालकांचं खाणीत काम होतं. माणूस वाईट नव्हता हो. उतरताना पोरीला म्हणाला, "बेटा, जेवून घ्या हं, माझी वाट बघू नका." दुपारभर टकलू, त्याचा जोडीदार आणि पोरगी शेडमध्ये घामाघूम. पोरीने सीट पुसल्या, कप धुतले. त्याचं तिला काही वाटलं नाही. ट्रकवर वाढलेली ती.

दुपार कलली तसं डोंगरामागून काळं उठलं. सरळ आमच्याकडे. तेवढ्यात मालकांची गाडी धुरळा उडवत आली. मालकांचा चेहरा पार उतरलेला.

"कॅप्टन, आई न्हाणीघरात पडली. दवाखान्यात नेलंय. आत्ता निघायचं."

टकलूने डोंगराकडे बघितलं. वारा फिरला होता, पाठीमागून येत होता, तशा वाऱ्यात उडायला लांब पट्टी लागते आणि इथली आखूड. थांबावं तर अंधार पडणार आणि दिवे नाहीत म्हणजे सकाळपर्यंत मुक्काम. कोणीही सांगितलं असतं, थांबा म्हणून. पण त्या आईच्या हातचं टकलू कैक वर्षं जेवला होता.

"मालक, जरा..."

"कॅप्टन, आई आहे माझी."

"हो," टकलू म्हणाला. डोळे खाली. "बसा आत. बघू... निघू या." जोडीदार आत जाऊन बसला आणि टकलूने पोरीला हाताने खूण केली. ठोकळे काढ.

रबरी निघाला. मग ती माझ्यासमोर येऊन गुडघ्यावर बसली, दोरीला हात घातला. मग तिने पुढे बघितलं. मागे बघितलं. वर बघितलं. आणि दोरी सोडून दिली.

"सर, हा निघणार नाही."

"अडकलाय का?"

"नाही. ढग बघा. मी नाही काढणार."

मालक दारातून खाली आले. "ही कोण सांगणारी? कॅप्टन, तुम्ही काढा!"

टकलू आला. माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे. मी त्या घडीला इतका घट्ट बसलो होतो की बैल लावले असते तरी हललो नसतो. पण त्याने हात लावलाच नाही. म्हणाला, "मालक, पोरगी बरोबर बोलतेय. हे मीच बोलायला पाहिजे होतं."

मालक काय बोलले ते सांगत नाही. मला शिव्यांचं वावडं नाही, पण आईसाठी कावलेला माणूस होता तो. एवढ्यात पहिली गार माझ्या डोक्यावर बसली. मग काय, सुपारीएवढ्या गारा! सगळे शेडमध्ये पळाले. वारा असा की जेट थरथरत होतं. रबरी पुन्हा मागे लावायला पोरगी भिजत धावली. धावपट्टीच्या टोकाचं झाड कडाडून आडवं झालं. आम्हा दोघांना विमानाने असं रेटलं की माझा जुना वळ पुन्हा दुखला. मी सोडलं नाही.

जोर ओसरल्यावर मालकांचा फोन लागला. फोन मोठ्या आवाजात होता, मलासुद्धा ऐकू आलं.

"आई, मी येतोय गं, इथे वादळ..."

"वादळ आहे तर येतोस कशाला, मेल्या? माझं मांडीचं हाड मोडलंय, तू येऊन काय चिकटवणार आहेस का? गप तिथेच बस!"

मालक खाली बसले, चिखलातच, आणि हसता हसता रडले. सकाळी लख्ख उजाडल्यावर निघालो. विमानातून उतरल्यावर ते पोरीला म्हणाले, "बेटा, काल तोंड सुटलं माझं. मला तुझ्यासारखंच माणूस पाहिजे. पहिल्या तारखेपासून ये."

झालं! मी म्हटलं, आता आपली चैन. म्हाताऱ्याने तर ऐकल्या ऐकल्या शेजाऱ्यांना चहा पाजला. आणि पोरगी म्हणाली, "बाबा, मी नाही म्हणून कळवलं."

म्हातारा उखडला. "डोकं फिरलं का तुझं? डावी खुर्ची ताटात वाढून दिली, ती लाथाडतेस? त्या रांगेत म्हातारी होशील! माझ्या डोळ्यांदेखत तुला कॅप्टन झालेली बघायचीय मला!" आणि मला लाथ घातली. त्यालाच लागलं.

पोरगी त्याच्या पायाशी बसली, अंगठा चोळत. "बाबा, काल मला 'नाही' म्हणता आलं, कारण मी परकी होते. मी त्यांच्या घरी कधी जेवले नव्हते. कॅप्टनसर माझ्यापेक्षा दसपट हुशार, त्यांना ते जमलं नाही. दोन वर्षांनी मलाही जमणार नाही. माणूस भला आहे, म्हणूनच जमणार नाही. आमच्या विमानात मधलं दार बंद असतं. मागे कोणाची आई आजारी आहे ते मला कळत नाही. वाईट वाटतं, पण हात चुकत नाही. डावी खुर्ची मिळेल तेव्हा मिळेल."

म्हाताऱ्याने अंगठा हलवून बघितला. मग एवढंच म्हणाला, "चहा उगाच पाजला शेजाऱ्यांना."

दुसऱ्या दिवशी त्याने मला पिशवीत घातलं आणि विमानतळाच्या फाटकावर टकलूला बोलावून घेतलं. "धरा. दारात बसून माजलाय हा. तुम्हाला नाही म्हणायला जड जातं ना? मग त्याला म्हणू द्या." माझ्या पाठीवरच्या वळावरून अंगठा फिरवला आणि मागे न बघता गेला. मी इतके दिवस जेट जेट करत होतो आणि त्या घडीला मला तिसऱ्या मजल्यावरचं ते दार आठवलं. असो.

आता मी इथेच असतो. मला पाहिजे होतं ते मिळालं. ऊन खातो, इंजिनाचा वास घेतो, रबरीशी भांडतो. मालक हल्ली गाडीतून उतरले की आधी खाली बघतात. मी चाकापुढे असलो तर एक शब्द न बोलता सावलीत जाऊन बसतात. परवा कारखान्याचा कोणी साहेब घाई करायला लागला, तर मालकच म्हणाले, "लाकूड निघालं नाही अजून. दिसत नाही का?"

घरच्या दाराला आता वीट लावलीय, असं पोरगी टकलूला सांगत होती. वीट! फुटेल एक दिवस, मग माझी आठवण काढतील.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमचा गाडीवान, नावाडी, पायलट, जो कोण असेल तो थांबा म्हणाला, तर त्याला तुमचं दुःख सांगू नका. त्याला ते कळतं. कळतं म्हणूनच त्याचा हात चुकतो. मुक्कामाला पोचल्यावर सांगा, तो बसून ऐकेल.

चला, पंख्याचं विमान आलं. आमच्या समोरून जातं ते रोज. उजव्या खुर्चीत तीच आहे, अजून उजव्याच. बघा तिच्याकडे. पुढे बघते, मागे बघते, वर बघते. आणि आता बघा, मला हात करते.