बांधावरची पहिली मूठ

छबूबाईनं मडमेला विळा धरायला शिकवलं ते अगदी मन लावून. ती शिकवणी आपल्याच पोटावर पाय देणार आहे, हे तिला आठव्या दिवशी कळलं.

मडम म्हणजे धाकटे सरकार यशवंतराव यांची बायको. फ्रान्सात सिनेमात कामं करायची. सरकारांनी तिकडंच लग्न लावलं, इकडं आणून पुन्हा लावलं आणि नाव ठेवलं इंद्रायणीराजे. संस्थान कधीच विलीन झालेलं. राहता राहिला चिंचवडचा बंगला, कुरुळीची जमीन आणि ताठा. बंगल्यात हळदीकुंकू निघालं की मडमेला आतल्या खोलीत बसवायचे. पण शेतात कुणी घरचं माणूस दाखवायची वेळ आली तेव्हा बरी तीच आठवली. बाकीच्या राण्यांना गोषा होता ना!

कारभारी हिंदुराव एवढंच म्हणाले, "छबू, बाईसाहेबांना शेतीची हौस आलीय. बाजरी कापायला शिकीव."

छबूबाईला वाटलं, मोठ्यांची हौस, आपलं काय जातंय? तिनं नऊवारीचा कासोटा कसा घट्ट मारायचा इथपासून सुरुवात केली. मडम भराभर शिकली. शिकली म्हणजे काय, छबूबाईच झाली. मनगटाच्या पाठीनं घाम पुसणं, उठताना कमरेवर हात देणं, ओळ संपली की मागं वळून बघणं, सगळं हुबेहूब. छबूबाईला हसू आवरेना.

"दुसऱ्यासारखं होणं," मडम आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "ते माझं काम. इथं तीन वर्षं काम नाही."

चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "पहिली मूठ दगडापाशी का ठेवते?"

बांधावरच्या बोरीखाली एक धोंडा होता. कापणीच्या दिवसांत छबूबाई रोज पहिली मूठ त्याच्या उगवतीच्या बाजूला ठेवी. पाखरांसाठी ठेवते, असं लोक समजत. सात वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं सांगून टाकलं. तिथं तिची रंभा होती. वीस दिवसांची होऊन गेली. सोनबानं, तिच्या नवऱ्यानं, एकट्यानं जाऊन पुरली, वर धोंडा ठेवला आणि घरी येऊन म्हणाला, हे नाव आता या घरात काढायचं नाही. तिनं काढलं नव्हतं. मडम बराच वेळ तिचा हात धरून बसली.

आठव्या दिवशी सोनबा चाकणहून आला तो थेट ओट्यावर बसला.

"बेस्तरवारी मामलेदार येतोय शेत बघाया. कूळकायदा आलाय. कसणाऱ्याची जमीन हुणार."

"मग चांगलंच हाय की."

"कारभाऱ्यानं लिवून दिलंय, जमीन घरचीच मानसं कसत्यात. मडम सोता कापती म्हनं. सोनबा नुसता रोजाचा गडी."

तीन पिढ्या या घराण्याचं कूळ असून सातबाऱ्यावर सोनबाचं नाव कधी लागलं नव्हतं. 

"मीच शिकीवलं की तिला," ती म्हणाली. सोनबानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती शेतात गेली नाही. मडम एकटीच उन्हात उभी राहून परत जायची.

गुरुवारी सगळा गाव बांधावर जमला. मोटारीतून सरकार उतरले, मडम उतरली. मामलेदार सावळा, बोटांना घट्टे असलेला, शेतकऱ्याचाच मुलगा असावा.

"तुम्ही किती वर्षं कसता?"

"तीन वर्षं," मडम पाठ केल्यासारखं बोलली.

"कापून दाखवा."

तिनं कासोटा खोचला, वाकली, डाव्या हातात ताटं धरून विळा ओढला. लोक बघतच राहिले. छबूबाईला स्वतःला चोरून बघितल्यासारखं झालं. गेली जमीन, तिला वाटलं, माझ्याच हातांनी गेली. मग मडम उठली, कमरेवर हात दिला, सरळ बोरीकडं चालत गेली आणि पहिली मूठ धोंड्याच्या उगवतीला ठेवली.

"हे कशासाठी?" मामलेदारानं विचारलं.

"रीत आहे साहेब, देवाची," हिंदुराव घाईघाईनं म्हणाले.

"बाईसाहेब सांगतील," मामलेदार म्हणाला.

देव, एवढा एकच शब्द पुरे होता, आणि तो कारभाऱ्यानं तिच्या तोंडाशी आणून ठेवला होता. मडमेनं छबूबाईकडं बघितलं, मग विळा खाली ठेवला.

"इथं रंभा आहे," ती म्हणाली. "छबूची मुलगी. वीस दिवस. शेत छबूचं. मी फक्त छबूसारखं केलं."

मामलेदारानं टोपी काढली. पुन्हा घातली.

"परक्याच्या शेतात कुणी आपलं लेकरू ठेवत नाही," तो म्हणाला आणि लिहायला बसला.

सरकार तडक मोटारीकडं वळले. मडम मोटारीत मागं बसली, कासोटा तसाच खोचलेला. छबूबाईनं धावत जाऊन तिचे पाय धरायला हवे होते. नाही धरले. चारचौघांत लेकीचं नाव उघड्यावर आणलं म्हणून तिला इतका राग आला होता की गेलेली जमीन परत मिळाली हेही तिला धड कळेना. मडम पुन्हा कुरुळीला आली नाही. चिंचवडच्या बंगल्यात तिच्याशी कुणी बोलत नाही, जेवण खोलीतच जातं, एवढं कानावर आलं.

पुढच्या कापणीला सातबाऱ्यावर सोनबाचं नाव होतं. छबूबाईनं पहिली मूठ कापली आणि ती घुटमळली. आता सारं गाव बघत होतं. सोनबानं तिच्या हातातून मूठ घेतली, बोरीखाली गेला आणि धोंड्याच्या दुसऱ्या अंगाला, मावळतीला ठेवली.

"तिचं डोकं हिकडं हाय," तो खाली बघत म्हणाला. "तू पायाशी ठेवत आलीस."

छबूबाई धोंड्यापाशी बसली. आठ वर्षांचं रडू एकदम आलं. सोनबा शेजारी बसला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं रंभा हे नाव काढलं. हे सांगावं असं तिच्या मनात एकच माणूस आलं, जिनं एकटीनं कधी विचारलं होतं, ती मडम. पण त्या बंगल्याच्या फाटकातून छबूबाईला कुणी आत सोडलं नसतं.