सात पापं आणि एक शेणकिडा

आमच्या रानात उताणा पडलेला शेणकिडा दिसला, की त्याला पालथा करायचा. त्यानं सात पापं माफ होतात. हे मला आईनं सांगितलं असावं, कारण माझ्या पापांची काळजी तिलाच फार. काळा, पोटाकडून निळा-जांभळा चमकणारा तो जीव सहाही पाय हवेत झाडत पडलेला असतो. काडीनं अलगद पालथा केला, की आभारबिभार न मानता तडक शेणाकडे चालू लागतो. मला तो आवडतो. आपल्या कामाशी काम ठेवणारा आहे.

म्हातारपणी फारशी पापं होत नाहीत असं मला वाटायचं. त्या जुलैपर्यंत.

आमच्या उत्तरेकडच्या मुलखात जुलै म्हणजे ऐन उन्हाळा. उन्हाळ्यात आम्ही दोघी गुरं घेऊन गावापासून वर, रानातल्या गोठ्यावर राहायचो. मी आणि हिल्मा. हिल्मा माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आणि नव्वद पट हट्टी. दोघींचेही नवरे केव्हाच गेलेले. माझ्या चार गाई होत्या आणि तिची एकच उरलेली, मायरोस. पण कळपाची म्होरकी मायरोस, म्हणून घंटा तिच्या गळ्यात. दिवसभर गाई रानात मनाला येईल तिकडे चरायच्या आणि संध्याकाळी हिल्मा पायरीवर उभी राहून हाळी द्यायची. ऐंशीच्या बाईच्या गळ्यातून तो उंच, बारीक सूर निघायचा आणि देवदारांच्या शेंड्यांवरून लांबच लांब जात राहायचा. मग कुठून तरी घंटा उत्तर द्यायची. मला ती हाळी चाळीस उन्हाळ्यांत जमली नाही. माझ्या आवाजानं गाई येत नाहीत, पळतात.

माझं काम वेगळं. सकाळी धारा काढताना घंटेत शेवाळ कोंबायचं, नाहीतर मायरोस मान हलवून कानठळ्या बसवते. आणि फाटकाबाहेर सोडताना ते काढायचं. एवढंच.

त्या उन्हाळ्यात मी हिल्माच्या कानांवरून तिला फार छळलं.

"अगं हिल्मा, कॉफी उतू चाललीय! ऐकू येत नाही का?"

"येतं की. उठायचा कंटाळा आलाय. तू ऊठ, तुझे गुडघे तरुण आहेत."

तिचे कान थोडे मंदावले होते हे खरं, पण मी त्याचा डोंगर केला होता. गंमत म्हणून. रानात दोघीच असलं की एवढीच करमणूक.

त्या दिवशी चार गाई आपल्या पायांनी परत आल्या. मायरोस नाही. ती गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि आठवड्यापूर्वीच दलदलीच्या कडेला अस्वलाचा माग दिसला होता. हिल्मानं हाळी दिली. थांबली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा सूर शेवटी थोडा फाटला.

"गुनवोर," ती म्हणाली, "मला घंटा ऐकू येत नाहीये. तुला येतेय?"

आणि त्या क्षणी मला शेवाळ आठवलं.

सकाळी फाटकाशी धुकं होतं. गाई पोटापर्यंत धुक्यात बुडून पोहत चालल्यासारख्या दिसत होत्या आणि मी बघत उभी राहिले. बघत राहणं ही माझी जुनी खोड. शेवटची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं आणि फाटक लावून घरात आले. घंटेत हात घातलाच नाही.

हे सांगायला किती वेळ लागला असता? पण चाळीस वर्षांत एकदाही विसरले नव्हते मी, आणि तिच्या कानांवरून सबंध महिना खिदळत होते. जीभ आपली आपण वळली.

"येतेय ना," मी म्हणाले. "तळ्याच्या बाजूला. बारीक आहे, पण येतेय."

हिल्मा हळूच पायरीवर बसली.

"म्हणजे गेलेच कान," ती म्हणाली. "तू म्हणायचीस तेव्हा मला राग यायचा. घंटा ऐकू येत नाही त्या बाईनं रानात राहू नये. हा माझा शेवटचा उन्हाळा, गुनवोर. मायरोस सापडली तर तुझ्या गाईंतच ठेव."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"जा, आणून दे तिला. तळ्याकडे म्हणालीस ना."

मी निघाले. तळ्याकडे तोंड करून निघाले, कारण ती बघत होती. झाडांच्या आड गेल्यावर उभी राहिले. कुठे जायचं काही कळेना. मुकी गाय, केवढं मोठं रान, आणि तिला गाठायला माझ्याकडे हाळीसुद्धा नाही.

आमच्याकडे जुलैत संध्याकाळ संपता संपत नाही. उजेड खोडांवरून मधासारखा उतरतो आणि मध्येच थांबतो. शेवाळ पायांखाली इतकं मऊ की आपण चालतोय की कुणी उचलून नेतंय ते कळत नाही. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी सगळं फार सुंदर दिसत होतं, याचाही मला राग आला.

इतक्यात काहीतरी गुणगुणत आलं आणि थाडकन माझ्या कपाळावर आदळलं. शेणकिडा. संध्याकाळी हे उडतात, पण उडायची अक्कल बेताचीच. तो पायांशी पडला, उताणा. मी सवयीनं वाकले आणि काडी शोधू लागले. त्याला पालथा केला. त्यानं पंख सारखे केले आणि पुन्हा उडाला, सरळ उत्तरेकडे, ब्लूबेरीच्या झुडपांवरून गुडघ्याएवढ्या उंचीनं. त्याच्यामागून दुसरा गेला. मग तिसरा.

हिल्मा नेहमी म्हणायची, संध्याकाळी हे हवा खायला निघत नाहीत, वास आल्याशिवाय ते पंखच उघडत नाहीत. माझ्या चारही गाई दक्षिणेकडून आल्या होत्या. मग उत्तरेला ताजं शेण कुणाचं?

मी त्यांच्या मागून चालले. सत्तरीपार केलेली बाई एप्रन सावरत किड्यांच्या मागे पळतेय! गुणगुण थांबली की मी थांबायची. पुन्हा एखादा कानाजवळून गेला की निघायची. शेणाचा पहिला पो सापडला तो वरून सुकलेला, कडेनं भोकं पडलेला, खाली मातीत यांचं खोदकाम जोरात चाललेलं. दुसरा ओला होता. तिसऱ्यावर तर जत्रा भरली होती. त्यापलीकडे पडलेल्या देवदाराच्या मुळांमागे एक खळगा होता, आणि खळग्यात मायरोस उभी होती. तिच्या पोटाखाली ओलं, थरथरतं, चार पायांचा अजून हिशोब न लागलेलं वासरू.

मायरोसनं मान हलवली. घंटा हलली. आवाज आला नाही.

मी तिच्या गळ्याला मिठी मारून मनसोक्त रडले. तिनं माझा कान चाटला. मग मी घंटेत दोन बोटं घातली. शेवाळ चिमटीत आलं. एक हिसका दिला असता, की संपलं असतं. मायरोस वाजत-गाजत घरी गेली असती आणि कुणालाही कधीही काही कळलं नसतं. हिल्मा खाली गावात खिडकीशी बसली असती, चांगल्या कानांनी, आपण बहिरी झालो असं समजून. आणि मी इथे वर एकटी. मला स्वतःसाठी वाईट वाटलं की तिच्यासाठी, ते आजही सांगता येत नाही. बोटं मात्र मी रिकामीच बाहेर काढली.

आमच्या गाई लहान चणीच्या; वासरू एप्रनमध्ये गुंडाळून छातीशी धरलं आणि थांबत-टेकत निघाले. आई हुंगत-हुंगत मागून आली.

हिल्मा पायरीवरच होती, हात मांडीवर टाकून. आम्ही दिसलो तशी धडपडत उठली. गालांवरून पाणी वाहत होतं.

"बघ," ती म्हणाली, "अगदी अंगणात आली तरी मला ऐकू आली नाही."

"घंटेत हात घाल, हिल्मा."

"काय?"

"हात घाल म्हणते ना."

तिनं हात घातला. शेवाळाचा गोळा बाहेर आला, सकाळी मी कोंबला होता तसाच. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं घंटा हलवली. सगळं अंगण वाजलं. वासरू माझ्या हातांत दचकलं.

"तळ्याच्या बाजूला," हिल्मा म्हणाली. "बारीक, पण येतेय."

मला वर बघवेना. तिनं तो ओला गोळा माझ्या डोक्यावर आपटला, चांगला जोरात. पाणी मानेत उतरलं. मग तिनं वासरू माझ्याकडून घेतलं आणि त्याच्या कपाळाला नाक लावलं.

"सापडली कशी?" तिनं विचारलं.

मी शेणकिड्याचं सांगितलं.

"पालथा केलास त्याला?"

"केला."

"म्हणजे सात." ती पायरी चढू लागली. "मला बहिरी केलंस ते एक. खोटं बोललीस ते दुसरं. विसरलीस ते मी धरत नाही, वय झालंय तुझं." दारात ती थांबली, पण मागे वळली नाही. "पाच उरतात. ती राहू देत, पुढच्या उन्हाळ्यात मी वर आले की लागतीलच तुला."