साक्षीपुरता तांदूळ

बेकरीवाल्या काकांना साखर झाली हे कळलं, तेव्हा गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एकट्या काकांना.

"साखर मी केकात घालतो, ती माझ्या रक्तात कशी आली?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बाहेर बाकावर अकरा पेशंट ताटकळत होते. त्यांनी कागदावर एकाखाली एक चार शब्द लिहिले, पाव, भात, बटाटा, साखर, आणि चारही शब्दांवरून मिळून एकच रेघ ओढली. गोळ्यांचं नाव खाली लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

काका घरी येईपर्यंत गप्प होते. घर म्हणजे पुढे बेकरी, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात शिरताच त्यांना कंठ फुटला.

"मी पाव सोडायचा? मी? उद्या सोनाराला सांगतील, सोन्याकडे बघू नकोस म्हणून!"

"बघू नका असं नाही म्हणाल्या त्या," काकू म्हणाल्या. "खाऊ नका म्हणाल्या."

"बेकरीवालाच स्वतःचा पाव खात नाही हे गिऱ्हाइकांना कळलं तर कोण येईल दारात? ते काही नाही. मरेन तर भरल्या पोटी मरेन."

काकूंच्या संसाराला चौतीस वर्षं झाली होती. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं याचा त्यांना चांगलाच अंदाज आला होता. त्यांनी ताट वाढलं, काकांनी बटाट्याच्या रस्स्यात पाव बुडवून बुडवून खाल्ला, आणि विषय मिटला. म्हणजे काकांपुरता मिटला.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच दवाखान्यात गेल्या.

"ह्यांना काही सोडायला सांगू नका," त्या म्हणाल्या. "ते सोडणार नाहीत. त्याच्या जागी काय घालू तेवढं सांगा. बाकीचं मी बघते."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाहेरच्या बाकावर त्या दिवशी चौदा जण होते, पण त्या पाऊण तास बोलत राहिल्या. तांदळाऐवजी फुलकोबी किसून. बटाट्याऐवजी नवलकोल. मैद्याऐवजी बदामाची पूड, आणि ती पूड एकत्र धरून राहावी म्हणून अंडं आणि चमचाभर ईसबगोल. काकूंनी सगळं डोक्यात साठवलं. लिहिलेला कागद नवऱ्याच्या हाती पडला असता.

पहिला फुलकोबीचा भात फसला. भात कसला, लगदाच झाला तो. काकूंनी तो मुकाट्याने स्वतः खाल्ला. दुसऱ्या खेपेला त्यांनी कीस फडक्यात बांधून पिळला, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, कोरडाच परतला. दाणा मोकळा झाला, पण वास खोटा होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यात खराखुरा शिजवलेला भात मूठभर मिसळला. चार मुठी फुलकोबी, एक मूठ तांदूळ. खोट्या खटल्यात एखादा तरी खरा साक्षीदार लागतो, तसा.

काकांनी दोनदा भात घेतला आणि म्हणाले, "आज तांदूळ जुना दिसतोय. छान मोकळा झालाय."

काकू भांड्यांकडे वळून उभ्या राहिल्या, कारण त्यांना आपल्या चेहऱ्याचा भरवसा वाटेना.

मग नवलकोल. चांगलं मऊ होईपर्यंत शिजवून लोण्यावर परतलं की त्याचा बटाट्याशी निदान चुलत नात्याचा संबंध लागतो. सूपात मैदा लावायच्या त्याऐवजी काकू त्याच सूपातल्या भाज्या वाटून घालू लागल्या. घरच्यापुरत्या केकातली साखर त्यांनी रोज चिमूटचिमूट उणी केली. महिन्याभरात ती तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि काकांच्या जिभेला पत्ता लागला नाही.

राहिला पाव. तिथे मात्र गाठ चाळीस वर्षं पीठ मळलेल्या हाताशी होती. काकूंनी दिराला विश्वासात घेतलं. हे धाकटे भाऊजी दुपारची भट्टी सांभाळत. स्वभाव भिडस्त, भावापुढे तोंड वर करून बोलायची छाती नाही.

"वहिनी, दादाच्या लक्षात येईल हो," ते म्हणाले.

"आलं तर माझं नाव सांगा."

दुपारी काका वामकुक्षीला गेले की दोघं बदामाच्या पुडीचा लहानसा पाव भट्टीत सारत. वरून अगदी पातळ मैदा भुरभुरत, म्हणजे कवचाला पावाचा वास येई. पहिले दोन पाव विटेसारखे झाले. तिसरा जमला. रात्रीच्या जेवणात काकूंनी तो कापून पुढे ठेवला. काकांनी घास घेतला, चावला आणि ते थांबले. काकूंच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला.

"धाकट्याला बोलाव," काका म्हणाले.

भाऊजी पिठाच्या हातांनी आले.

"हा तुझ्या भट्टीतला? पीठ फुगायला वेळ दिलास का नाही? दगड झालाय नुसता. लक्ष कुठे असतं तुझं?"

"चुकलं दादा," भाऊजी म्हणाले. त्यानंतर अडीच महिने, रोज, ज्या पावाबद्दल त्यांचं कौतुक व्हायला हवं होतं त्याच पावाबद्दल ते शिव्या खात राहिले. काकांनी मात्र पाव खाणं सोडलं नाही. शिवी देत, पण खात.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. साखर इतकी उतरली होती की डॉक्टरीणबाईंनी आकडा दोनदा वाचला आणि काकूंकडे पाहून ओठ दाबून हसल्या. काका तिथून बाहेर पडले ते वीतभर उंच होऊनच.

त्या दिवसापासून बेकरीच्या गल्ल्यावर प्रवचन सुरू झालं.

"काय सोडलं मी? काही नाही! पाव खाल्ला, भात खाल्ला, बटाटा खाल्ला, केकही खाल्ला. साखर कमी झाली की नाही? हा आजार पोटाचा नाहीच मुळी, भीतीचा आहे. जो घाबरला त्याची साखर वाढली."

गिऱ्हाइकांना हेच तर ऐकायचं होतं. पथ्याने वैतागलेली माणसं लांबून येऊन काकांचं दर्शन घेऊ लागली आणि जाताना दोन-दोन पाव नेऊ लागली. काकू पडद्याआडून हे ऐकत आणि फुलकोबी किसत. आपण सत्य सांगितलं तर नवऱ्याचा पोपट होईल आणि तो हट्टाने खरा पाव खाऊ लागेल, म्हणून त्या गप्प बसत. चांगलं चाललेलं कशाला बिघडवा?

समोर किल्लीवाल्याचं दुकान होतं. हा काकांचा जुना दोस्त, विधुर, एकटा राहणारा. त्यालाही साखर होती, आणि सात वर्षं तो डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळत होता. उकडलेली भाजी, अंडं, ताक, गोळ्या. गल्लीत त्याच्या पथ्यावर घड्याळ लावावं. काका त्याला रोज चिडवत.

"अरे, सात वर्षं चारा खाऊन तुझी साखर जिथल्या तिथे, आणि माझी बघ!"

माणूस सात वर्षं पथ्य सहन करतो, पण चारचौघं हसली की त्याचा बांध फुटतो. किल्लीवाला एका सकाळी रस्ता ओलांडून आला आणि त्याने पाव घेतला. मग रोज घेऊ लागला. आणि आजार भीतीचाच आहे म्हटल्यावर गोळ्या घेणं हे भित्रेपणाचं लक्षण ठरलं; त्याने त्याही बंद केल्या. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

सहाव्या आठवड्यात काकूंच्या कपाटाचं कुलूप अडलं, म्हणून त्या त्याच्याकडे गेल्या. किल्लीवाला स्टुलावर बसला होता, शेजारी पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या. त्याने कुलूप हातात घेतलं आणि किल्ली भोकाच्या डावीकडे टेकवली. मग उजवीकडे. मग वर. तीस वर्षं डोळे मिटून कुलपं उघडणाऱ्या माणसाला समोरचं भोक सापडेना.

"वहिनी, आज उजेड कमी आहे का?" त्याने विचारलं.

बाहेर टळटळीत ऊन होतं.

काकू आणि भाऊजींनी मिळून त्याला रिक्षात घातलं आणि इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी साखर मोजली आणि "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" एवढंच विचारलं.

काकू परतल्या तेव्हा काका गल्ल्यावर डोकं धरून बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. काकूंनी दुकानाचं दार लोटलं.

"अहो, एक सांगायचंय. तुम्ही पाच महिने भात खाल्ला नाहीत. फुलकोबी खाल्लीत. बटाटा खाल्ला नाहीत, पाव खाल्ला नाहीत. तो पाव बदामाचा होता. भाऊजींचा काही दोष नाही."

त्यांना वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल. काका खाली बघत राहिले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय?"

"भाताचं कळलं नाही. पावाचं पहिल्या घासाला कळलं. चाळीस वर्षं पीठ मळतोय मी, बदाम ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर 'मी पथ्य करतो' असं झालं असतं. न बोलता होत होतं, तर होऊ दिलं."

"आणि भाऊजींना रोज शिव्या?"

"शिव्या दिल्या नसत्या तर तुला संशय आला असता."

पाच महिने आपण नवऱ्याला फसवतोय या अपराधी भावनेने काकू झुरल्या होत्या. आणि नवरा मजेत फसवून घेत होता.

"आणि हे प्रवचन?" त्यांनी अखेर विचारलं. "ते कशाला?"

काकांनी गल्ल्यावरचं पीठ तळव्याने पुसलं. "लोक ऐकत होते गं," ते म्हणाले. "पाव घ्यायला येणारं माणूस कधी माझं ऐकत नाही. पहिल्यांदाच ऐकत होते."

दुसऱ्या दिवशी काका स्वतः डबा घेऊन इस्पितळात गेले. किल्लीवाल्याने झाकण उघडून पाहिलं आणि डबा लांब सारला.

"भात? अजून मारायचं बाकी आहे का मला?"

"अरे भात नाही तो, फुलकोबी आहे!"

"आता तरी खोटं बोलू नकोस," किल्लीवाला म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. काकांनी नर्सबाईंना बोलावून एक घास खायला लावला, तेव्हा कुठे त्याने चमचा उचलला. मग काकांनी त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. किल्लीवाला निमूट ऐकत, खात राहिला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. डबा मात्र रिकामा करून परत दिला.

गल्ल्यावरचं काम जास्त कठीण निघालं. काका येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "मी खोटं बोललो, मी पथ्यच करत होतो, गोळ्या सोडू नका." लोक हसत. "काका, किती तो विनय," एक बाई म्हणाल्या. दुसऱ्या गृहस्थांनी आवाज खाली करून विचारलं, "बायकोने दम दिला ना? कळतं आम्हाला." आजार भीतीचा आहे हे गल्लीने एका दिवसात मानलं होतं, तो भात-पावाचा आहे हे मानायला ती तयारच होईना. शेवटी काकांनी भाऊजींना दुकानात, सगळ्यांदेखत, बदामाचा पाव भाजायला बसवलं आणि स्वतः तोच तिथेच उभं राहून खाऊ लागले. तेव्हा चारपाच जणांना शंका आली. त्यांच्यातल्या दोघांनी रक्त तपासून घेतलं. तेवढंच.

किल्लीवाला दहा दिवसांनी घरी आला. नजर बरीचशी परतली, पण बारीक कुलपांना आता तो भिंग लावतो. दुपारचं जेवण तो काकूंकडेच करतो. तसं काकूंनी त्याला विचारलं नाही, सांगितलं.

आता घरात काही लपवायचं उरलं नाही, तर काकांना तोंड फुटलं आहे. फुलकोबी ओली आहे, नवलकोलाला चव नाही, सूप पातळ आहे. काकू फसवून वाढत होत्या तेव्हा मिटक्या मारत जेवणारा माणूस आता प्रत्येक घासाला नाव ठेवतो. काकू म्हणतात, "मग खरा पाव आणू का?" लगेच काका ताट स्वतःकडे ओढून घेतात. आणि किल्लीवाला, मान वर न करता, पुन्हा भात मागतो.