खारट अंगठा

ताईचा प्रबंध बुडाला आणि तो मी बुडवला. पण ते अजून झालेलंच नाही असं धरून सुरुवातीपासून सांगतो.

ताई म्हणजे प्रयोगशाळेतली माझी वरिष्ठ. सख्खी नाही, पण ओरडते सख्खीसारखी. तिचं काम कागद जाळायचं. सोऱ्याच्या, म्हणजे फटाक्यांच्या दारूतल्या खाराच्या, पाण्यात भिजवून वाळवलेला कागद भडकत नाही, नुसता धुमसतो आणि धगीची कड वाकडीतिकडी होत पुढे सरकते. प्रश्न एवढाच: मधोमध एक उभी रेघ जराशी मंद जळणारी ठेवली, तर कड तेवढ्यापुरती अडखळते, की त्या एका रेघेपायी सगळीच मागे ओढली जाते?

तुलनेला बिनरेघेचे कागद लागत. ते मी द्यायचो. आणि तीन महिने त्यांचीसुद्धा कड मधोमधच मागे पडत होती. तिच्या मार्गदर्शक सरांनी शेवटची मुदत दिली, शुक्रवार.

"कॅमेरा वाकडा असेल," मी म्हणालो.

"तू वाकडा आहेस. कॅमेरा चारदा तपासलाय."

"मग वारा?"

"फक्त मधेच वाहणारा? गप बस, कागद दे."

मी दिला. म्हणजे नेहमीसारखा अंगठा जिभेला लावला, गठ्ठ्यातला कागद सुटा केला आणि तोच ओला अंगठा मधोमध वरून खाली फिरवून तो सरळ केला. कारकून वडिलांकडून वारशात एवढंच मिळालंय. दुसऱ्या कागदासाठी अंगठा पुन्हा जिभेवर गेला, तर खारट लागला.

मधल्या पट्ट्यातला सोरा कागदात हवा होता. तो माझ्या तोंडात होता. तीन महिने मी ताईचा प्रबंध चाटत होतो.

तो मंगळवार. तेव्हाच बोललो असतो तर नवे कागद जाळून झाले असते. म्हटलं, उद्या सांगू. बुधवारी ती डोकं धरून बसली होती, तेव्हा सांगणं बरं दिसेना. गुरुवारी ती चक्क हसत होती, तेव्हा तर अजिबातच.

शुक्रवारी सरांनी विचारलं, "चूक कुणाची?"

"माझीच, सर," ताई म्हणाली. "माझाच हात कुठेतरी चुकतोय."

मी माझे हात पाठीमागे घेतले.

टेबल आवरताना ती म्हणाली, "तू मात्र कागद छान सरळ करायचास हं."

प्रति, माननीय संशोधन समिती. विषय: तीन महिने परत मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर तीन महिने अर्जदाराच्या आयुष्यातून कापून ताईस तातडीने देण्यात यावेत. मंगळवारपासून दिल्यास उत्तम. सोबत अंगठ्याचा ठसा जोडला आहे. कोरडा.