आकसलेली पानं

रविवारी सकाळी किटलीत पाणी उकळायच्या आधीच पत्र्याच्या खोलीत कुरकुर उकळायला लागायची.

"कबुतरांनी माझ्या कोबीची चाळण केली," डेरेक बूट आपटत म्हणायचा.

"तुझा कोबी कबुतरांपर्यंत पोचला तरी! माझा गोगलगायींनी रोपातच संपवला."

"आणि पाऊस बघा. नको तेव्हा धो धो, आणि हवा तेव्हा नुसते ढग."

शेफील्डच्या त्या टेकडीच्या उतारावर पालिकेने हौशी बागवाल्यांना भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे होते आणि मधोमध ही पत्र्याची खोली. विनिफ्रेड, म्हणजे सगळ्यांची विनी, तिथे आता सगळ्यांत जुनी होती. ऐंशीच्या घरात पोचली होती, तरी गुडघे टेकून तण उपटायची. वडिलांचा तुकडा तिच्याकडे आला होता. पोलादाच्या कारखान्यातून सुटून आलेली माणसं याच खोलीत बसून कशी कुरकुरायची, ते तिला लख्ख आठवत होतं. दंव, कबुतरं, सरकार, सगळ्यांच्या नावाने बोटं मोडायची. पण कुणी आजारी पडलं, की त्यांतलेच चौघे फावडी खांद्यावर टाकून त्याचा तुकडा खणून यायचे. कुरकुर म्हणजे मनातली वाफ घालवायची, एवढंच.

या वर्षी मात्र ती वाफ एका माणसाच्या अंगावर सोडली गेली, आणि तोटी फिरवणारा हात विनीचाच होता.

जूनमध्ये तिच्या टोमॅटोची कोवळी पानं मूठ वळावी तशी आत वळली. शेंगांच्या वेलांचे शेंडे पिळवटून खाली झुकले. तो वाण तिच्या दिवंगत नवऱ्याने वर्षानुवर्षं बी धरून जपलेला! विनी वाफ्याच्या कडेला बसून राहिली. मग तिची नजर कुंपणापलीकडे गेली. सेनाइतचे टोमॅटो नुसते तरारले होते.

सेनाइत वसंतात आलेली. मूळची एरिट्रियाची, इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळी करायची आणि पहाटे थेट बागेत यायची. कुणात मिसळायची नाही. पाठीवर पंप अडकवून काहीतरी फवारायची, आणि त्याचा वास असा, की नाकाला रुमाल लावावा.

"मी डोळ्यांनी पाहिलंय," त्या रविवारी विनी खोलीत म्हणाली. "ती औषध मारते, तणनाशक. वाऱ्याने उडून माझ्या वाफ्यावर येतं."

"माझेही बटाटे वळलेत!" डेरेक उसळला.

"माझा वाटाणासुद्धा!"

"तिचंच तेवढं कसं बहरलंय, सांगा ना!"

तणनाशक फवारायला तिथे सक्त मनाई होती. अध्यक्ष क्लिफर्डने घसा खाकरला. "जुलैअखेरच्या सभेत ठरवू. खरं असेल तर तुकडा काढून फाटकाची किल्ली परत घ्यावी लागेल. विनी सांगतेय म्हणजे उगाच नाही."

एवढंच लागलं! विनीचा संशय बघता बघता सगळ्यांचा निकाल झाला.

कोपऱ्यात कप विसळत असलेली मेव्हिस तेवढी गप्प होती. गुडघ्यांमुळे तिने आपला तुकडा सोडला होता, पण रविवारचा चहा सोडला नव्हता. सगळे गेल्यावर ती विनीला म्हणाली, "काय गं, डेरेकचा तुकडा टेकडीच्या कुठल्या अंगाला?"

"पलीकडच्या."

"मग तिथपर्यंत औषध उडालं, तर मधली अख्खी टेकडी जळायला नको का?"

"रात्री जाऊन मारत असेल."

"रात्री ती बाई इस्पितळाच्या चादरी धुते! विने, ऐकतेयस ना स्वतःचं?"

"तुला काय जातंय बोलायला? तुझे कुठे वेल मेलेत!"

"वेल मेला की दुःख होतं, मान्य. म्हणून दुःखाला लगेच एक आरोपी आणून द्यायचा? तिला विचारलंस का, काय फवारतेस म्हणून?"

"विचारायचं काय त्यात?"

"बरं, नको विचारूस. तुझ्या बापाला शंका आली की तो काय करायचा? कुंडीत पेरून बघायचा. तेवढं तरी कर."

विनी चिडली. पण सभेत पुरावा दाखवता येईल, हे तिला पटलं. कुंपणातून हात घालून तिने सेनाइतच्या वाफ्यातली माती काढली, जिथे पंपाचं पाणी ठिबकायचं नेमकी तिथली, आणि ती निळ्या कुंडीत भरली. शेजारी तुलनेला चांगली कुंडी हवी. म्हणून लाल कुंडीत तिने फाटकाजवळच्या उरलेल्या ढिगातलं लिदीचं खत मातीत कालवून भरलं. घोड्यांच्या तबेल्यातलं काळंभोर खत! क्लिफर्डच्या मेहुण्याचा तबेला, दर शरदात ट्रॉली भरून फुकट यायचं, आणि सगळे जण आपापल्या वाफ्यात ते मायेने मिसळायचे. नवऱ्याच्या बियांतल्या उरलेल्या चार-चार बिया तिने दोन्हीकडे पेरल्या आणि कुंड्या घराच्या खिडकीत ठेवल्या.

निळ्या कुंडीतली रोपं सरळ वर आली. पानं तळहाताएवढी, टवटवीत.

लाल कुंडीतली वर आली आणि मुठी वळून बसली.

विनीला वाटलं, आपणच कुंड्यांची अदलाबदल केली. तिने लाल कुंडीत बोट खुपसलं, नाकाशी नेलं. खतच होतं. अरे देवा! विष शेजारणीच्या पंपात नव्हतं, आपणच आपल्या हातांनी ते वाफ्यात कालवलं होतं! आणि सेनाइतची बाग बहरली कशी? ती वसंतात आली, तोवर खताची वाटणी उरकली होती. तिला कुणी एक घमेलंसुद्धा दिलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी विनी बसने तबेल्यावर गेली. तिथली मुलगी सहज बोलून गेली, या खेपेची वैरण नव्या शेतकऱ्याकडची, त्याच्या कुरणात काटेरी झुडपं फार, म्हणून त्याने तणनाशक मारलं होतं. घोड्यांना त्याने काही होत नाही. पण घोड्याच्या पोटातून ते तसंच लिदीत उतरतं, हे विनीच्या लाल कुंडीने दाखवलं होतं; ते तिलाही ठाऊक नव्हतं, तबेल्याच्या मालकालाही नव्हतं.

सभेच्या दिवशी खोली खच्चून भरली होती. सेनाइत नव्हती. तिला फक्त निर्णय कळवायचा होता! विनीने दोन्ही कुंड्या आणून क्लिफर्डच्या पुढ्यात ठेवल्या आणि सगळं सांगितलं.

"दोन कुंड्यांनी काय सिद्ध होतं, विनी?" क्लिफर्डचे कान लाल झाले. "माझ्या मेहुण्याने इतकी वर्षं खत दिलंय. फुकट!"

"त्याच्यावर माझा आरोप नाही. त्यालाही ठाऊक नव्हतं. पण तो ढीग फाटकावरून हलला पाहिजे, आणि त्या बाईचं नाव या सभेतून निघालं पाहिजे."

"मला विचाराल तर," डेरेक म्हणाला, "औषधाचं सोडा. ती बाई आपल्यात बसत नाही. कधी चहाला येत नाही."

"तू बोलावलंस?"

"मी?"

"क्लिफर्ड, तू बोलावलंस? मी नाही बोलावलं. कुणी बोलावलं, हात वर करा!"

एकही हात वर आला नाही.

"मग ती काय फवारते?" मागून कुणीतरी विचारलं.

"मला माहीत नाही. पण तिच्या मातीत बी असं वाढतं, हे बघा."

क्लिफर्ड उठला. "हे बघ, विनी, सभा बोलावली आहे, लोक वेळ काढून आलेत. हा विषय असा मोडीत काढता येत नाही."

"येतो! अरे, तू लहान असताना माझ्या वडिलांचे मुळे चोरायचास, तेव्हासुद्धा त्यांनी तुला आधी विचारलं होतं, 'बाळ, तूच का रे?' आपण तिला तेवढंही विचारलं नाही." विनीने एप्रनच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "खोटं पहिल्यांदा मी बोलले. किल्ली घ्यायचीच असेल तर माझी घ्या. माझ्या बापाच्या काळापासूनची आहे. ज्याच्यात हिंमत असेल त्याने उचलावी!"

क्लिफर्डने किल्लीकडे पाहिलं, कुंड्यांकडे पाहिलं आणि खाली बसला.

"चहा ओतू?" मेव्हिस म्हणाली. "की अजून कुणाला हाकलायचंय?"

कुणीतरी हसलं. क्लिफर्डने किल्ली विनीकडे सरकवली. "उद्या ढीग हलवू," तो पुटपुटला. "सगळे मिळून."

विनी थेट कुंपणापाशी गेली. सेनाइत वाकून टोमॅटो तोडत होती. टोपलीतले टोमॅटो कडक आणि हिरवेगार होते.

"सेनाइत, मी तुझ्याबद्दल खोटं बोलले," विनी म्हणाली. "विष आमच्या खतात निघालं. मी न विचारता तुझं नाव घेतलं. चूक माझी आहे."

सेनाइत सरळ उभी राहिली. "मला त्या रविवारीच कळलं होतं, मावशी. पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही. पंपात त्या खाजऱ्या तणाचं पाणी असतं. अंगाला लागलं की आग होते ते, तुम्ही उपटून कुंपणाबाहेर फेकता ते. कुजवून खत म्हणून फवारते. किल्ली जाईल म्हणून कच्चेच तोडत होते, हातात काहीतरी राहावं."

विनीने टोपलीतल्या कच्च्या टोमॅटोंकडे पाहिलं. ती म्हणाली, "उरलेले वेलावर राहू देत. लाल होऊ देत."

सेनाइत हसली नाही. पण पुढच्या टोमॅटोकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

वाचकहो, कुरकुर कुणाला चुकली आहे? पावसाच्या नावाने करा, गोगलगायींच्या नावाने करा, मन मोकळं होतं. पण माणसाबद्दलची तक्रार आधी त्या माणसाला सांगा, आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या. ज्याला आपण कधी चहाला बोलावलं नाही, त्याच्यावर संशय घेणं फार सोपं असतं. आणि चार जण मिळून अशा एखाद्याला दाराबाहेर काढायला बसले असतील, तर गप्प बसू नका. तिथे एकानेच उठायचं असतं, आणि तो एक आपण असायचं. मग भले आधी चुकलेलेही आपणच असू!