एकेक रंगाचा एकेक मासा

मी एक जुनी काचेची टाकी आहे. मित्रांनो, टाकी म्हटल्यावर तुम्हाला गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी आठवली असेल, तर मला वाईट वाटेल. मी मासे ठेवण्याची टाकी आहे. शहाद्याच्या बाजारपेठेत चांदमल शेठचे कापडाचे दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, न खपलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यांशेजारी मी उभी असते. इथे सहसा कोणी येत नाही, त्यामुळे माझी गोष्ट ऐकायला तुम्ही थांबलात याचे मला फार बरे वाटते.

माझा जन्म सुरतेचा. एका कारागिराने एक काच तळाला ठेवली, चार बाजूंना चार उभ्या केल्या आणि त्यांच्या कडा सिलिकॉनने चिकटवल्या. मग त्याने मला काठोकाठ भरून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी खाली हात फिरवून पाहिला, तर जमीन कोरडी होती. त्याने माझ्या काचेवर बोटाने टकटक केले आणि तो समाधानाने चहा प्यायला गेला. तेवढी शाबासकी मला पुष्कळ दिवस पुरली.

लग्नसराईच्या खरेदीला चांदमल शेठ सुरतेला आले होते. त्यांच्या दुकानात खेड्यापाड्यातल्या बायका लेकरांना घेऊन येत. साडी पसंत पडते न पडते, तोच लेकरू पदर ओढू लागे आणि बाई उठून जाई. सुरतेच्या एका दुकानात शेठना दिसले, की मासे पाहण्यात मुले अगदी गुंग झाली आहेत आणि त्यांच्या आया निवांत बसून साड्या उलगडून बघत आहेत. शेठनी त्याच दिवशी मला विकत घेतले.

मग ते मासे घ्यायला गेले. शेठ जैन. घरी फोन केला तेव्हा पानीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने बजावले होते, की किडे खाणारा मासा उंबऱ्याच्या आत यायचा नाही. मासेवाल्याने हसून एका कोपऱ्यातले रंगीत मासे दाखवले.

‘हे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे. दगडावरचं शेवाळ खातात. यांना हिरवे दाणे घातले तरी चालतं. तुमच्याकडे पाणी कसलं?’

‘बोअरचं. भांड्यांवर पांढरा थर धरतो.’

‘यांना तेच मानवतं.’

शेठ खूश झाले. शाकाहारी आणि वर जड पाण्यात राहणारे, म्हणजे मासे आपल्या घरचेच म्हणायचे. पण मासेवाल्याचे बोलणे संपले नव्हते. तो म्हणाला, ‘पहिल्यांदाच ठेवताय, तर एकाच जातीचे घ्या. एक नर आणि चार माद्या. माद्या फिक्या असतात, पण जोडीला त्याच लागतात. शिवाय आत दगड रचा, लपायला जागा हवी.’

यावर शेठ हसले. ‘भाऊ, माझा धंदा कापडाचा. चटक रंगाचा एक आणि फिके चार, असा माल कोण भरतं? प्रत्येक रंगातला एकेक द्या, जो उठून दिसेल तो. आणि दगड कशाला? माल कधी झाकून ठेवायचा नसतो.’

कापडाच्या दुकानात हे शहाणपणच होते. एका रंगाचे चार तागे पडून राहतात, रंगारंगाचा एकेक मांडला की गिऱ्हाईक थांबते. पण या माशांत उठून दिसणारा रंग बहुधा नराचा असतो. शेठनी निवडून निवडून सगळे नर घेतले. मग माझ्या तळाशी पांढरी खडी आली, एक प्लास्टिकचे कमळ आले, आणि लपायला एक कोपरासुद्धा नव्हता.

सुरुवातीचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत गोड दिवस होते. मला दुकानात अगदी पुढे, गादीसमोर मांडले होते. शेठनी माशांना कापडावरून नावे दिली. हळदी, मोरपंखी, शेंदरी, जांभळा, आणि एक निळ्या अंगावर गडद पट्टे असलेला, त्याचे नाव लहेरिया. मुले माझ्या काचेला नाक लावून उभी राहत. ब्राह्मणपुरीहून रोज मोटारसायकलवर येणारा रतिलाल हा दुकानातला जुना माणूस. तो सकाळी ओल्या वर्तमानपत्राने माझ्यावरचे बोटांचे ठसे पुसत म्हणायचा, ‘शेठ, ही टाकी तं तुमना दुकाननी शान शे.’ मी फुशारून जाई. मला वाटे, आपले असेच चालायचे.

पण प्रत्येक नराला मी सगळीच्या सगळी हवी होते. आधी शेंदरीची शेपटी फाटली. मग मोरपंखी पाण्याच्या वरच्या थराला चिकटून राहू लागला. बिचाऱ्याला जायला जागाच नव्हती. एकेक करून ते तरंगू लागले, आणि शेवटी लहेरिया तेवढा उरला.

‘शेठ, हाऊ लहेरिया कोनलेच जगू देत नही,’ रतिलाल म्हणाला.

शेठना उपाय ठाऊक होता. दुकानात एखादा रंग संपला की ते तोच रंग पुन्हा भरत. पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा एकेक रंगाचा एकेक मासा आणला. पुन्हा तेच झाले.

दुकानाच्या माडीवरच घर होते. मासा मेला की पानीबाई खाली येत, डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत आणि बराच वेळ तशाच उभ्या राहत. त्यांच्यासाठी प्रत्येक मासा म्हणजे घरात गेलेला एक जीव होता. दुसऱ्या खेपेचा शेवटचा मासा गेला, तेव्हा त्या शेठना म्हणाल्या, ‘आता या घरात एकही जीव आणायचा नाही.’ लहेरियाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘आणि हा पापी माझ्या डोळ्यांसमोर नको.’

तेव्हापासून मी मागच्या खोलीत आहे.

मित्रांनो, एकटेपणा मी इथे शिकले. रतिलाल सकाळी दिवा लावून दाणे टाकी आणि जाताना दिवा बंद करी. बाकी सारा दिवस अंधार, आणि पुढून येणारा कात्रीचा व मोजणीचा आवाज. कोणाचे तरी लेकरू हसले की माझे पाणी हलल्यासारखे वाटे. लहेरिया या टोकाकडून त्या टोकाकडे जाई, वळे, परत येई. रंग त्याचा तसाच होता, पण बघायला कोणी नव्हते. मी चारी बाजूंनी त्याच्याजवळ होते, तरी माशाला काच दिसत नाही, म्हणून मी आहे हे त्याला कधी कळलेच नाही. याचे मला फार दुःख होई. पापी म्हणून का होईना, कोणी येऊन त्याच्याशी बोलावे, असे मला वाटे.

बोलणारे एकदा आले, ते वेगळ्याच कारणाने. पर्युषण, म्हणजे जैनांचे उपवासाचे आणि क्षमेचे दिवस, अजून लांब होते. पण पानीबाईंनी मनाशी ठरवले होते. या पर्युषणात लहेरियाला प्रकाशा गावी नेऊन तापी नदीत सोडायचे. कोंडलेल्या जीवाला मोकळे करणे हे त्यांच्याकडे मोठे पुण्य मानतात. रतिलालने तर बादलीसुद्धा पाहून ठेवली.

पानीबाईंची नात आयुषी लोणखेड्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकते. ती म्हणाली, ‘दादी, हा तापीचा मासा नाही. तो तिथे मरेल. आणि समजा जगला, तर तिथल्या माशांना त्रास देईल.’

‘मग इथे अंधारात मरू द्यायचा?’

‘त्याला सोबत आणू या. या वेळी मी निवडते.’

‘म्हणजे आणखी जीव आणायचे आणि त्याच्या तोंडी द्यायचे.’ पानीबाई म्हणाल्या. ‘बघ, पर्युषणापर्यंत थांबते. एक जीव जरी गेला, तरी रतिलाल बादली घेऊन प्रकाशाला जाईल. टाकी भंगारात जाईल.’

हे ऐकून माझे काय झाले असेल, ते तुम्हीच ओळखा. त्याचे मरण आणि माझे भंगार, दोन्ही आता एकाच गोष्टीवर ठरणार होते.

आयुषी आजोबांबरोबर सुरतेला गेली आणि लहेरियाच्याच जातीच्या, त्याच्याच आकाराच्या चार माद्या घेऊन आली. राखाडी, मातकट, नजरेत न भरणाऱ्या. शेठनी पिशवी उजेडात धरून पाहिली. ‘हा तर धुऊन फिका पडलेला माल.’

‘दादाजी, तो विकायचा नाही.’

रतिलालने गोमाई नदीतून गोल दगड आणले. आयुषीने ते घासून धुतले, लहेरियाला टबात काढले आणि माझ्या तळाशी दगड असे रचले, की ढासळू नयेत आणि मधे घरे राहावीत. माझे अंग जड झाले. आधी तिने माद्या सोडल्या आणि सगळ्यांत शेवटी लहेरिया. आपले जुने घर त्याला ओळखू येईना. त्याने पाठलाग केला, पण एकीच्या मागे लागावे तर दुसरी दिसे, आणि जवळ जावे तर सगळ्या दगडांत शिरत. सकाळी आयुषीने दिवा लावला. सगळ्या जिवंत होत्या. पुढेही तसेच चालले. एका मादीची शेपटी थोडी फाटली आणि भरूनही आली.

पर्युषण जवळ आले आणि एका मादीने खाणे सोडले. ती एका दगडाखाली बसून राहू लागली. तिचा गळा फुगला होता. इकडे पानीबाईंनी अठ्ठाई धरली, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, फक्त उकळलेल्या पाण्यावर. तशा अवस्थेत भिंतीचा आधार घेत त्या खाली उतरत आणि साड्यांच्या गठ्ठ्यावर माझ्यासमोर बसत.

‘काय झालंय हिला?’ त्यांनी विचारले.

‘दादी, या जातीत आई अंडी तोंडात सांभाळते. पिल्लं सुटेपर्यंत ती खात नाही. पण आजारी असली तरी असंच दिसतं. मला नक्की सांगता येत नाही. हात तेवढा लावायचा नाही.’

पानीबाई त्या मादीकडे बघत राहिल्या. ‘म्हणजे हिचाही उपास.’

रतिलाल दारातून हळूच म्हणाला, ‘बाई, बादली धुई ठेयेल शे.’ ती मादी रोज बारीक होत होती, आणि पानीबाईही.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पानीबाईंचे पारणे होते. आयुषी मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन तयार होती, पण पानीबाई आधी मागच्या खोलीत आल्या. दिवा लावला. दगडाच्या तोंडाशी ती मादी होती. तिने तोंड उघडले आणि तिळाएवढ्या डोळ्यांची इवली पिल्ले बाहेर आली. पानीबाईंची सावली पडताच ती पुन्हा आईच्या तोंडात शिरली.

आयुषीला रडू आले. रतिलालने बादली उचलली आणि दुकान पुसायला घेतले.

मला वाटले, पानीबाई त्या आईला हात जोडतील. त्यांनी हात जोडले, पण लहेरियासमोर. तो त्याच्या दगडावर, नेहमीसारखा एका बाजूला होता. संवत्सरीला जैन माणसे कळत-नकळत दुखावलेल्या प्रत्येक जीवाची क्षमा मागतात. पानीबाईंची गावातल्या सगळ्यांची क्षमा मागून झाली होती.

‘मिच्छामि दुक्कडम्,’ त्या म्हणाल्या. ‘तुला पापी म्हणत आले. तुला असं एकलं आम्हीच पाडलं.’

मग त्यांनी वाटी तोंडाला लावली.

मित्रांनो, ती सगळीच पिल्ले जगतील असे नाही, हे आयुषीने त्यांना समजावून सांगितले आहे. मला परत दुकानात पुढे मांडलेले नाही, फिके मासे बघायला कोण येणार? मात्र आता दिवा दिवसभर चालू असतो. तुम्ही पहिल्यांदा मासे घ्यायला जाल, तेव्हा रंगावर बोट ठेवण्याआधी एवढे जरूर विचारा, की हा कुठल्या पाण्यातला, काय खातो, आणि कोणासोबत राहतो. माशाला सांगता येत नाही. चुकीची सोबत मिळाली की तो भांडतो, आणि आपण त्याला वाईट म्हणून मोकळे होतो.