हिरवा प्याला

प्याला हिरवा झाला आणि हॉलभर माणसं 'अरे बापरे' म्हणत उठून उभी राहिली. आत्ता आत्ता त्यात जास्वंदीचा चहा ओतला होता, तोही लालभडक. ज्या पेन्शनर काकांच्या हातात तो प्याला होता, त्यांचा चेहरा कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा झाला.

"आज गोळी घेतलीत काका," प्यालेबाबा हळूच म्हणाले. "प्याला खोटं बोलत नाही. गोळीचं विष हिरवं दिसतं."

घेतली होती बिचाऱ्यांनी. त्यांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून बाबांसमोरच्या परडीत टाकलं. मग बाबांनी दुसऱ्या प्याल्यात तोच चहा ओतला. तो लालच राहिला. टाळ्या पडल्या आणि काकांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली.

त्याच रांगेत माझी ताई बसली होती. म्हणजे हिच्याही गोळ्या परडीत गेल्या होत्या.

मी काही भक्तिभावानं तिथं गेले नव्हते. सकाळी औषधाच्या दुकानदारानं मला रस्त्यात गाठलं होतं. "तुमच्या ताई महिनाभर रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?" मला काय ठाऊक? ताई दोन गल्ल्या पलीकडे राहते. भाऊजी गेल्यापासून ती एकटी, आणि मी तर पहिल्यापासूनच एकटी. चाळीस वर्षं आम्ही दोघींनी लाँड्री चालवली, दिवसभर समोरासमोर उभ्या. लाँड्री बंद केली तसं बोलणंही आटलं. मी आपली खिडकीत बसून पेपर वाचायची, जगाला शहाणपण शिकवायची आणि 'ताईकडे जाऊ उद्या' म्हणायची. घरात दिवस दिवस माझाच आवाज मला ऐकू यायचा नाही. आज गेले, तर तिच्या दाराला कुलूप, आणि शेजारणीनं या हॉलचा पत्ता दिला.

बाबांची टकळी चालूच होती. "हा चहा रक्त शुद्ध करतो, साखर पळवतो, केस उगवतो, सांधे मोकळे करतो. अट एकच. गोळी आणि जास्वंद एका घरात नांदत नाहीत."

नांदायला जास्वंद काय सासरी आली होती?

मी बाबांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होते. ज्यांनी परडीत अजून काही टाकलेलं नव्हतं, त्यांचा प्याला डावीकडच्या फळीवरून यायचा. टाकलेल्यांचा उजवीकडून. मी उठले, डावीकडचा एक रिकामा प्याला उचलला, ओलं बोट आतून फिरवलं आणि जिभेला लावलं.

"माई, हात लावू नका. सिद्ध केलेले प्याले आहेत ते."

"सोड्यानं सिद्ध केलेत," मी म्हणाले. "खायच्या सोड्यानं. पाण्यात कालवायचा, आतून फासायचा आणि वाळवायचा."

ताईचा लाल चहा मी त्या प्याल्यात ओतला. झाला हिरवा. टेबलावर लिंबाच्या फोडी होत्या, त्यातल्या दोन पिळल्या. फसफसून पुन्हा लाल.

"जास्वंदीचा रंग आंबटात लाल असतो, सोड्यात हिरवा-निळा होतो," मी लोकांना सांगितलं. "पांढऱ्या शर्टावर हा चहा सांडला आणि धुण्याचा सोडा लावला, की डाग हिरवा पडतो. मी काढलेत असले डाग. आता शर्टानं कुठली गोळी घेतली होती, ते बाबांनी सांगावं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी श्रद्धेवर बोलायला सुरुवात केली, पण तोवर काका परडीत हात घालून आपलं पाकीट शोधायला लागले होते. मग सगळ्यांचीच झुंबड उडाली.

ताईला मी तशीच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्तदाब दोनदा मोजला. मग म्हणाल्या, "आणखी आठवडाभर असंच चाललं असतं, तर मला तुमच्या अंथरुणाशी येऊन तुम्हाला तपासावं लागलं असतं. या चहानं रक्तदाब थोडासा उतरतो, नाही असं नाही. पण तो गोळीचं काम करत नाही. आणि गोळीच्या जोडीला भरमसाट प्यायलात तर जास्त उतरून चक्कर येईल. साखरेची औषधं चालू असतील, किंवा बाई गरोदर असेल, तर विचारल्याशिवाय घ्यायचाच नाही."

घरी आल्यावर मी ताईवर भडकले. "लाँड्रीत जन्म गेला तुझा. तुला सोडा कळला नाही?"

"पहिल्याच दिवशी कळला," ताई म्हणाली.

"मग गोळ्या का टाकल्यास?"

"टाकल्याशिवाय पुढे बसू देत नव्हता. पुढच्या रांगेशी तो रोज बोलायचा गं. जेवलात का, पाय दुखतो का, असं. इथं कोण विचारतं मला?"

मला रडू आवरेना. तिला गोळी दिली, पाणी दिलं, ती गिळेपर्यंत उभी राहिले. मग बसले. खूप वेळ बसले.

तुम्हाला जास्वंदीचा चहा आवडत असेल तर खुशाल प्या, छान आंबट लागतो. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून प्या. आणि रंग बदलला की हात जोडण्याआधी प्याला धुऊन बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. माझ्या ताईला सगळं कळत होतं, तरी ती बाबांकडे जात राहिली. तुमचं कोणी एकटं राहत असेल तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. तुम्ही बसला नाहीत, तर बसायला कोणी ना कोणी बाबा टपलेलाच असतो.